गोड्या विहिरीतले मासे

बाटली काळी पडली होती, आणि ती अशीतशी नाही, तव्याच्या बुडासारखी. बिल्कीसनं ती खिडकीपाशी धरली, हलवली, पालथी करून पाहिली. आता हलवून का रंग उतरतो? पण जीव ऐकेल तर ना! बाकीच्या बाटल्यांमधलं पाणी जसंच्या तसं होतं. ते गावातल्या हातपंपांचं, तोंडात घेतलं की थुंकावं असं खारट. काळी झाली ती कोणती? तर नत्थुजींच्या गोड्या विहिरीची.

बिल्कीस गावच्या उपकेंद्रातली नर्स. तालुक्याहून आलेल्या या बाटल्यांत औषधाचा कागद असे. पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतले जंतू असले की पाणी काळं पडतं. आठवडाभरात वरच्या आळीत तिघांना कावीळ झाली, म्हणून तिनं सगळीकडचं पाणी भरून आणलं होतं. गोड्या विहिरीची बाटली भरताना तर तिला हसू आलं होतं, हिला काय होतंय म्हणून.

मूर्तिजापूरकडचा हा सगळा खारपाणपट्टा. कुठंही खणा, खारंच लागतं, त्यात डाळ म्हणून शिजत नाही. अशा मुलखात नत्थुजींच्या वाडीतली एक विहीर गोडी निघाली, आणि त्या माणसानं कधी कोणाला दोर टाकायला नाही म्हटलं नाही. बिल्कीसच्या घरचा चहासुद्धा त्याच पाण्याचा. आता त्याच माणसाला जाऊन सांगायचं, की तुमच्या पाण्यात घाण आहे. कोणत्या तोंडानं?

पण तिला खरी धास्ती होती ती आरतीची. नत्थुजींची सून, सातवा महिना. लघवीला जळजळ होते म्हणून आली, तेव्हा बिल्कीसनंच बजावलं होतं, भरपूर पाणी पी, घरचीच विहीर आहे, कंजूषी करू नको. पोरगी गुणाची, तांब्यावर तांब्या रिचवत होती. गरोदर बाईला ही कावीळ झाली की बाई आणि बाळ दोन्ही कशी हातची जातात, ते बिल्कीसनं अकोल्याला नोकरीच्या पहिल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं. या अल्ला, नको. तिनं बाटली पदराआड धरली आणि भर उन्हात निघाली.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत गावात कोणी सरकारी माणूस घाईनं चालताना दिसला, की लोक आधी विचारायचे, कोण गेलं? रस्त्यात दोघांनी तिलाही विचारलं. तिनं नुसती मान हलवली आणि पाय उचलला.

नत्थुजी विहिरीच्या काठावर बसून माशांना भाकरीचा चुरा टाकत होते. त्यांच्या घरची रीतच होती, नवी सून आली की तिच्या हातानं विहिरीत मासा सोडायचा. गेल्या वर्षी आरतीनं सोडलेला, शेपटीला पांढरा डाग असलेला मासा त्यांनी कौतुकानं दाखवला. बिल्कीसनं बाटली पुढं केली, सगळं सांगितलं, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी लागेल म्हणाली. नत्थुजींचा चेहरा उतरला. मागं एकदा पंचायतीच्या माणसानं ढीगभर पावडर ओतली आणि मासे पोट वर करून तरंगले, तेव्हापासून त्या पिशवीला त्यांनी वाडीत पाय ठेवू दिला नव्हता.

"मासे खेळून राहिले, बाई," ते म्हणाले. "पानी खराब असतं तं हे आधी मेले असते."

"काकाजी, मासा घाणीतही जगते. मी माशासाठी नाई आली."

तिची नजर वाडीभर भिरभिरत होती. घाण येते कुठून? गोठ्यामागं नवा संडास दिसला. लग्नाच्या वेळी बांधलेला. शहरातली पोरगी, तिला लोटा घेऊन बांधावर जायला लागू नये म्हणून नत्थुजींनी हौसेनं बांधला होता. खड्डा विहिरीकडच्याच बाजूला. तिनं बोट दाखवलं, तसे नत्थुजी हसले. काळी माती पाणी धरून ठेवते, माठासारखी, एवढं त्यांना कळत होतं, म्हणून तर मुद्दाम काळ्या मातीत खणला.

बिल्कीसनं वाद घातला नाही. वैशाखातली जमीन, खड्ड्यापासून विहिरीपर्यंत भेगाच भेगा, मनगट जाईल एवढ्या. तिनं जनावरांपुढची बादली उचलली आणि एका भेगेत रिकामी केली. पाणी गटागटा खाली गेलं, वर ओल म्हणून उरली नाही. नत्थुजींचं हसू मावळलं. पहिल्या ओलिताला या भेगा पाणी कसं पितात, हे त्यांना का कोणी सांगायचं होतं? जन्म गेला त्यात. फक्त ते शेतातलं होतं, हे घरातलं.

तेवढ्यात आरती पाणी घेऊन आली. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी विचारणं हा त्या घरचा धर्म. बिल्कीसनं पेल्याला हात लावला नाही. या घरी तिनं कधी पाण्याला नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळं पोरगी बिचारी ओशाळली. काय चुकलं म्हणून तिनं दोघांकडं पाहिलं, बावरली, आणि हातातला पेला स्वतःच्याच तोंडाला लावू लागली.

नत्थुजी सुनेसमोर मान वर करून बोलत नसत. ते उठले आणि त्यांनी तिच्या हातावर फटका मारला. पेला फरशीवर गडगडत गेला. आरती रडायलाच लागली, आणि नत्थुजी खाली बसून दोन्ही हातांनी ते सांडलेलं पाणी तिच्या पायांपासून दूर सारत राहिले.

"टाका पावडर," ते म्हणाले.

आधी त्यांनी जाळीनं मासे काढून टाक्यात सोडले. मग पावडर पडली, संडासाला कुलूप लागलं, घरात पाणी उकळून गार होऊ लागलं. पण आधी पोटात गेलेल्याचं काय? कावीळ महिनाभरानंही निघते, बिल्कीसनं लपवलं नाही. ती रोज सकाळी येते. आरतीला उजेडात उभं करते, डोळ्याची खालची पापणी ओढते आणि पाहते. नत्थुजी उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे असतात. टाक्यातल्या माशांना चुरा टाकायचंही त्यांना सुचत नाही.

"कशे हायेत डोये?"

"आज पांढरे हायेत, काकाजी."

"अन् उद्या?" ते विचारतात, आणि बिल्कीस चप्पल घालते.