ओट्यावरचं बोलणं

मधल्या सुट्टीत ईट गावच्या शाळेत शिकवणाऱ्या नीरजाने फोन उघडला आणि सारजाबाईंचा मजकूर वाचून तिच्या हातातला घास तसाच राहिला.

परिसरातल्या तेवीस विधवांसाठी नीरजाने ‘ओटा’ नावाचा गट काढला होता. अशाच हजारो लहान गटांना जोडणाऱ्या, कुणा एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या ऑनलाइन जाळ्यावर तो होता. ओट्यावरचं बोलणं बाहेर जाणार नाही, असा तिने बायकांना शब्द दिला होता. त्या भरवशावर सारजाबाईंनी लिहिलं होतं: लेकीच्या, भैरवीच्या हळदीत व्याह्यांच्या सांगण्यावरून जावांनी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, बाहेरून कडी घातली. लेकीची हळद त्यांनी दाराआडून ऐकली.

जगाला हे कळलंच पाहिजे, असं नीरजाला वाटलं. तिने तो मजकूर नावागावासकट सगळ्या जाळ्यावर खुला केला. सारजाबाईंना विचारलं मात्र नाही.

संध्याकाळपर्यंत हजारोंनी वाचला. लोकांनी नीरजाला धाडसी म्हटलं. तिला ते गोडही लागलं. तिसऱ्या दिवशी मजकूर तेरखेड्याला, भैरवीच्या सासरी पोचला. अनोळखी लोकांच्या शिव्या वाचून सासरच्यांनी भैरवीला माहेरी आणून सोडलं. ओट्यावरच्या सतरा बायका गट सोडून गेल्या.

नीरजा सारजाबाईंच्या दारात गेली. “चुकलं माझं, मावशी. मला वाटलं, जगाला कळलं तर ही रीत मोडेल.”

“जगाला कळलं की, बाई,” सारजाबाई म्हणाल्या. “तुमच्या घरात कळलं का? संक्रांतीला तुमच्या दारात हळदीकुंकू चाललं व्हतं. मी रस्त्यानं चालले व्हते. तुमी खाली बघितलं.”

नीरजाला ती संक्रांत आठवली. तिने खरंच खाली बघितलं होतं.

ती तेरखेड्याला जाऊन दोष स्वतःवर घेऊन आली. व्याह्यांनी दारातूनच परत पाठवलं. घरी तिने सासूला, प्रेमलाबाईंना सांगितलं, “रथसप्तमीला हळदीकुंकू करू. पहिला मान सारजाबाईंचा.”

“गल्लीतली एकबी बाई येणार न्हाय.”

“नाही आल्या तर नाही.”

कुणी आलं नाही. सारजाबाईही आल्या नाहीत. तेव्हा नीरजाने हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि भर दुपारी, ओसरीओसरीतल्या बायकांच्या नजरांखालून ती सारजाबाईंच्या घरी गेली. दार भैरवीने उघडलं. मागून सारजाबाईंनी विचारलं,

“फोन आणलाय का?”

“नाही, मावशी.”

सारजाबाई पुढे आल्या आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं.

“मग या आत.”