वाढीव महिना

दादानं माइकचं बटण दाबलं तसा लाल दिवा लागला. त्यानं पुन्हा दाबलं, दिवा गेला. शेवटी संसदीय समितीचा शिपाई वाकत वाकत आला आणि दिवा लावून म्हणाला, "आता हात लावू नका." ते त्यानं कुजबुजत म्हटलं होतं, पण माइक चालू असल्यानं सगळ्या दालनाला ऐकू गेलं.

समोर खासदारांच्या रांगेत दादाची धाकटी बहीण बसली होती. मतदारसंघात लहानथोर सगळे तिला ताई म्हणत. साक्षीदार आपला सख्खा भाऊ आहे, हे तिनं सुरुवातीलाच रीतसर सांगून टाकलं होतं, आणि त्यावर कुणाची हरकतही नव्हती.

मासळी अंडी घालते त्या दिवसांत समुद्र बंद ठेवायचा, हा नियम जुनाच. यंदा सरकारनं बंदी महिनाभर आधीपासून लागू केली होती आणि तो आदेश रद्द करावा, असा प्रस्ताव ताईनं मांडला होता. त्याच आश्वासनावर ती निवडून आली होती. बंदराच्या धक्क्यावरच्या सभांमध्ये तिच्या आधी दादा बोलायचा. उभा जन्म बोट हाकण्यात गेलेला तांडेल, आवाज असा की भोंग्याची गरज पडू नये. बंदी म्हटलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आज त्याला फक्त तेच पुन्हा बोलायचं होतं.

"बोला तांडेल," अध्यक्ष म्हणाले.

"बंदी असू द्या," दादा म्हणाला. "वाढवलेला महिनापण असू द्या."

ताईला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. अध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष काचांचा होता.

"म्हणजे आदेशाला आपला पाठिंबा आहे?"

"आहे. अजून थोडी वाढवता आली तर तेही बघा."

मागच्या बाकांवर धक्क्यावरून आलेली माणसं होती. त्यांच्यात चुळबुळ सुरू झाली. ताईनं प्रश्न विचारायला हात वर केला खरा, पण भावाला कसं संबोधायचं हेच तिला सुचेना.

"साक्षीदारांनी... आपण याआधी जाहीरपणे वेगळं मत मांडलं होतं."

"'आपण' काय म्हणतेस गं मला?" दादा म्हणाला, आणि दालनात हशा पिकला. तो मात्र हसला नाही. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मत का बदललं?"

"मासळी वाढली पाहिजे."

एवढंच. तिनं दोन-तीन वेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. गाभोळीची, पोटात अंडी असलेली मासळी हल्ली लवकर जाळ्यात येते का? येते कधी, कधी नाही येत. बंदीनंतर मासळी जास्त मिळते का? मिळत असेल. धक्क्यावर तासभर भांडू शकणारा माणूस इथं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

मग मत्स्यखात्याच्या शास्त्रज्ञबाईंना बोलावलं. निदान त्या तरी काही ठाम सांगतील, अशी ताईला आशा होती. बाई प्रामाणिक निघाल्या. पाणी तापतंय, मासळी लवकर अंडी घालत असावी असं दिसतं, म्हणून महिना वाढवला. पण एवढ्यात खात्रीनं सांगता येणार नाही.

"म्हणजे महिना चुकीचाही असू शकतो?" ताईनं विचारलं.

"असू शकतो. पण तो बरोबर असेल आणि आपण उठवला, तर मासळी परत आणता येणार नाही."

अध्यक्षांनी मतदानाआधी चहाची सुटी दिली.

दादा जिन्याजवळच्या खिडकीशी उभा होता. हातातल्या चहावर साय धरली होती.

"कुणी धमकावलं का तुला?" ताईनं विचारलं.

"मला कोण धमकावणार?"

"मग हे काय होतं? मागे आपली माणसं बसलीत. त्यांना मी काय तोंड दाखवू? घरी एका शब्दानं बोलला असतास तरी चाललं असतं."

"घरीच तर बोलता येत नाही, चिमे."

चिमी म्हणणारा आता तो एकटाच उरला होता. खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी, येऊ दे, येऊ दे, म्हणून ओरडत होता.

"बंदी लागली की मला झोप लागते," दादा म्हणाला.

तिला काही कळेना.

"बंदीत कुणी विचारत नाही, आज का गेला नाहीस म्हणून. सगळेच घरी असतात."

मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. गेल्या हंगामात भर वादळात दादाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. सगळे सुखरूप परत आले होते, आणि दादानं तो प्रसंग घरी इतका रंगवून सांगितला होता की पोरं हसून हसून लोळली होती. तीही हसली होती. त्यानंतरही तो जातच होता, ती भीती पोटात घेऊन. खलाशी त्याच्या भरवशावर बोटीत पाय ठेवत होते.

"बोट दुसऱ्या कुणाला चालवू दे."

"आणि कारण काय सांगू?"

घंटा वाजली. दादानं तो चहा तसाच कट्ट्यावर ठेवला.

आत अध्यक्षांनी प्रस्ताव वाचून दाखवला. रद्द करावा म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. ताईच्या दोन्ही बाजूंचे हात वर गेले. मागच्या बाकांवरची माणसं पुढे झुकली. ती माणसं तिची होती, त्यांच्या चुली तिला माहीत होत्या. शास्त्रज्ञबाई खाली बघत होत्या. तिचा हात टेबलावरच राहिला, आणि तो का राहिला हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"विरोधात?"

तिनं हात वर केला.

"बाई, प्रस्ताव तुमचाच आहे," अध्यक्ष म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

एका मतानं प्रस्ताव पडला. मागची माणसं एकेक करून उठली आणि तिच्याकडे न बघता निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दादा बाहेर पायऱ्यांवर भेटला. तो खूश दिसत नव्हता.

"माझ्यासाठी केलंस?"

"कुणास ठाऊक. मासळीसाठीही असेल. मलाच कळत नाहीये."

"तुला पाडतील आता."

"पाडू देत."

दोघं फाटकापर्यंत चालत गेले. रस्त्यावर वाहनांची रीघ होती, थांबावं लागलं.

"समुद्र कधीतरी उघडणारच ना," दादा म्हणाला.

"उघडला की मी येते तुझ्याबरोबर. पहिल्या फेरीला."

"तू? तुला साधं पोहता येत नाही."

"तुला तरी कुठं येतं?"

दादानं तिच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. पहाऱ्यावरचा शिपाई जांभई देत होता.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

नेमकं काय, ते तिनं विचारलं नाही. वाहनं थांबली तशी ती त्याचा दंड धरून रस्ता ओलांडायला निघाली.