घडी न मोडलेला शालू

मित्रांनो, मला जुना म्हणावं की नवा, हे माझं मलाच ठरवता येत नाही. मला विणून सात वर्षं झाली, पण मला नेसून अजून कुणी घराच्या दाराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी एक बनारसी शालू आहे. रंग पिकल्या जांभळाचा, अंगभर चांदीच्या जरीच्या बारीक कुयऱ्या, आणि पदर असा भरगच्च की तो तोलायला खांदा ताठ ठेवावा लागतो. एवढं असून माझी गोष्ट काही आनंदाची नाही. तरी सांगतो.

माझा जन्म बनारसच्या मदनपुऱ्यातला, विणकरांच्या वस्तीतला. मुस्तकीम चाचांच्या हातमागावर मी चार महिने थोडा थोडा वाढलो. रोज तीन-चार बोटं. आभाळ भरून आलं आणि उजेड कमी पडला, तर तेवढाही नाही. माझी एकेक कुयरी चाचांनी जरी गुंडाळलेल्या वेगळ्या काडीने भरली आहे. म्हणून मागे सुटे धागे नाहीत, माझी पाठही पोटाइतकीच स्वच्छ आहे, हवं तर उलटून बघा.

मला विणायला सांगितलं होतं अन्नपूर्णाबाईंनी. त्या तिथेच मंगला गौरीच्या देवळाजवळ राहतात. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. त्यांचे यजमान नरहरराव रेल्वेतून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगा शार्दूल बंगळुरूला नोकरीत. त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी त्याने आईवडिलांना सात दिवसांच्या समुद्रसफरीला न्यायचं ठरवलं. बार्सिलोनाहून निघायचं, इटलीचे किनारे बघत भूमध्य समुद्रात फिरायचं. त्या जहाजावर दोन संध्याकाळी सगळ्यांनी नटूनथटून जेवायला यायचं असतं. दिवाणखान्यात मोठा जिना, जिन्याखाली कप्तान उभा, आणि तिथे एक फोटोवाला.

"आई, तुझ्यासाठी एक लांब गाऊन घेऊन टाकू का?" शार्दूलने फोनवर विचारलं.

"गाऊन?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "अरे, गाऊनवर मी दूधवाल्यासमोर जात नाही, कप्तानासमोर काय जाऊ?"

फोनच्या पलीकडे नवी सून ईशानी हसली. तिने जहाजाची सूचना वाचून दाखवली. पुरुषांनी कोट घालावा, बायकांनी गाऊन किंवा आपापल्या देशाचा उत्तम पोशाख.

"बस्स! आपल्या देशाचा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी चाचांकडे आल्या.

"दीदी, समंदर पर पहनिएगा?" चाचा म्हणाले. "तब नीला बनवाइए, जोड़ का बैठेगा."

"नीले पर नीला कौन देखेगा, चाचा?"

असा मी जांभळा झालो.

मित्रांनो, आता एक रीत सांगायला हवी, कारण माझं सगळं नशीब तिच्यात अडकलं. कोरी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे तिची घडी मोडणं. बऱ्याच घरांत मालकीण स्वतः घडी मोडत नाही. जिच्यावर माया आहे तिला म्हणते, "आधी तू नेस." मग ती माया साडीत उतरते म्हणे. अन्नपूर्णाबाईंनी माझं नाव घेऊन ईशानीला सांगितलं, "पहिल्या रात्री तू घडी मोड, दुसऱ्या रात्री मी नेसेन. मोडशील ना?"

"हो आई," ईशानी म्हणाली.

ते "हो" मी ऐकलं आहे.

जहाजावर मी अन्नपूर्णाबाईंच्या खोलीत, बॅगेत सगळ्यात वर होतो. पहिली नटायची संध्याकाळ आली. ईशानी आली ती काळा गाऊन घालून. लग्नाला तेव्हा पुरते सहा महिनेही झाले नव्हते. सासूची इतक्या हौसेची वस्तू, वर टोमॅटोचा लालभडक रस्सा असलेली जेवणं. एक थेंब सांडला तर? शिवाय तिला वाटलं, आई आपल्या प्रेमाने म्हणाल्या, पण त्यांच्या आधी मी कसं नेसायचं? हा मान त्यांचा. हे तिच्या मनातलं मला फार उशिरा कळलं. त्या संध्याकाळी ती यातलं एक अक्षर बोलली नाही.

अन्नपूर्णाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "छान दिसतेस हो," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतः रोजच्यातली रेशमी साडी नेसून गेल्या.

मग नेपल्स आलं, सिसिली आलं. रोज त्या बॅग उघडत, माझ्यावरून हात फिरवत आणि बॅग लावून टाकत.

सहाव्या दिवशी दुसरी संध्याकाळ. नरहरराव नवा जोधपुरी कोट घालून आरशासमोर उभे. "काढ ना शालू. उशीर होतोय."

"घडी मोडलेली नाही."

"अगं, इथे भर समुद्रात कोण बघतंय घडी?"

"मी बघतेय."

"मग बोलाव तिला. म्हणावं, पाच मिनिटं अंगाला लाव आणि दे."

"कशाला? तिला आवडला असता तर तिने मागितला असता. सुनेला लाजवून नेसायला लावायचं का मी?"

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेरून ईशानीचा आवाज. "आई, झालं का? शालू नेसताय ना आज?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. दोघींच्या मध्ये एक दार होतं फक्त, आणि तेही लाकडाचं, बोटभर जाडीचं.

अन्नपूर्णाबाई दाराजवळ गेल्या. कडीला हात लावला. मग म्हणाल्या, "डोकं चढलंय गं माझं. तुम्ही तिघं जा."

नरहरराव थोडा वेळ थांबले, मग गेले. त्या कॉटवर बसून राहिल्या. डोकंबिकं काही चढलेलं नव्हतं. वरून बँडचा आवाज येत होता.

परत आल्यावर नरहररावांनी फोटो दाखवला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते एकटे, कोटाची सगळी बटणं लावून, आणि डावीकडे एका माणसापुरती जागा सोडलेली.

"फोटोवाला म्हणत होता, मध्ये या, मध्ये या," ते म्हणाले. "मी म्हटलं, राहू दे बाबा, माझं माणूस यायचंय अजून."

अन्नपूर्णाबाईंनी तो फोटो किती वेळ धरून ठेवला, कोण जाणे. "पुढच्या वेळी," त्या म्हणाल्या.

पुढची वेळ आली नाही. दोन वर्षांनी नरहरराव गेले. सगळे मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरून परतले, दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी अन्नपूर्णाबाईंनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवलं. वर गोधड्या. जपण्याच्या हेतूनेच ठेवलं, मी दोष देत नाही. पण रेशमाला वारा लागतो, मित्रांनो. घडी बदलावी लागते. एकाच रेषेवर दुमडून राहिलं की कापडही थकतं. कपाटातली दमट हवा माझ्या जरीत उतरली. चांदी काळवंडली. मधल्या घडीवर मी वीतभर विरलो, आणि कुणाला कळलं नाही.

या उन्हाळ्यात ईशानी सुट्टीला आली. तिची मुलगी अवनी आता चार वर्षांची आहे. गोधड्या उन्हात घालायला काढल्या तेव्हा अवनीनेच मला बाहेर ओढलं.

"आजी, ये किसका है?"

"तुझ्या आईचा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"आजीचा," ईशानी त्याच क्षणी म्हणाली.

अवनी दोघींकडे बघत राहिली. "तो फिर कोई पहनता क्यों नहीं?"

मग ईशानी खाली बसली. "आई, मी तुमच्यासाठी कोरा ठेवला होता. म्हटलं, हा तुमचा मान, माझ्या हातून डाग पडायला नको. दुसऱ्या रात्री तुम्ही नेसाल म्हणून मी दाराशी थांबले होते."

"आणि मी तुझी वाट बघत होते," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, गाऊनवाल्या मुलीला हे लोढणं कशाला." त्यांनी माझी पिशवी जवळ ओढली. "ते म्हणाले होते गं, बोलाव तिला. दार उघडायचं होतं नुसतं."

ईशानी रडली. अन्नपूर्णाबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला पिशवीतून काढलं, ती विरलेली जागा बोटाने चाचपली, आणि म्हणाल्या, "ऊठ. नेस आता."

"फाटेल, आई."

"फाटू दे."

"तुम्ही नेसा ना आधी."

"मला आता नको तो. ज्यांना दाखवायचा होता त्यांना दाखवायचा राहिला. ऊठ म्हणते ना!"

ईशानी उठली. विरलेला भाग तिने निऱ्यांच्या आत लपवला, पण निऱ्या काही केल्या सरळ पडेनात. तेव्हा अन्नपूर्णाबाई गुडघे दुखत असतानाही जमिनीवर बसल्या आणि खालून एकेक निरी ओढून बसवू लागल्या. घडी मोडल्यावर माझ्या नशिबात त्यांचा स्पर्श तेवढाच होता. खांद्यावर नाही, कमरेला नाही. निऱ्यांच्या टोकाला, जमिनीजवळ.

मित्रांनो, आम्हा कपड्यांना वारा दाखवा, घडी बदला, प्लास्टिकमध्ये कोंडू नका. हे सगळं कराच. पण माझं विरणं कपाटात सुरू झालं नाही, ते जहाजावर त्या बंद दाराशी सुरू झालं. तुमच्या मनात कुणासाठी काही राखून ठेवलेलं असेल, तर ते त्याला आजच सांगा. मनातलं विचारल्याने माणूस लाजला, तर घटकाभर लाजेल. पण फोटोत रिकामी राहिलेली जागा नंतर कुणाला भरता येत नाही.