सफरचंदाच्या बुंध्यातली जाळी

घरामागचा लाकडी डेक आणि कुंपण, दोन्ही काढून टाकायचं मी ठरवलं, तेव्हा शेजारच्या आर्वोनं एकच गोष्ट सांगितली. "हेल्वी, तुझं तू काय वाट्टेल ते पाड. पण माझ्या झाडाला काही झालं तर आपलं बोलणं संपलं."

झाड सफरचंदाचं, अगदी हद्दीवरचं. आर्वोच्या बायकोनं त्यावर चार जातींची कलमं बांधली होती. ती जाऊन अकरा वर्षं झाली. आमच्या थंडर बे शहराचे कडाक्याचे हिवाळे सोसून चारही कलमं अजून फळतात. कुंपण तारेच्या जाळीचं. बुंधा वाढत गेला आणि त्यानं जाळी गिळली. दोन्ही बाजूंनी तार सालीत शिरलेली दिसायची.

पहिला कंत्राटदार गाडीतून न उतरताच म्हणाला, "झाड तोडावं लागेल." दुसरा म्हणाला, तार कोरून काढू. मला ते पटलं. जन्मभर प्रयोगशाळेत काम केलेलं. नको ते बाहेर काढायचं, एवढं मला कळतं.

तरी अजून एक मत घ्यावं म्हणून बोलावलं, तेव्हा तिसरी आली लेस्या. पन्नाशीची, सोबत तिचा भाऊ बोहदान. "हा बोलत नाही, म्हणून कामाला ठेवलाय," ती म्हणाली. बोहदाननं मान हलवली.

ती बुंध्यापाशी गुडघे टेकून बराच वेळ बसली.

"कोरून काढायचं असेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा, बाई."

"का?"

"सालीखाली छिन्नी फिरवली की झाड उपाशी मरणार. तार त्याला कधीच खुपायची थांबलीय. खुपतेय ती तुम्हाला."

मी जीवरसायनशास्त्र शिकले आहे. सालीखालचा तो पातळ जिवंत थर मला नावानिशी माहीत होता. त्याचा विचार मात्र तिनं केला. काम मी तिला दिलं.

गॅस आणि विजेची माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्या कुठून जातात त्याच्या रंगाच्या खुणा करून जाईपर्यंत तिनं पहार उचलली नाही. मग एका सकाळी डेक उतरवला, फळी फळी करून. दुपारी कुंपण. आर्वो खुर्ची टाकून झाडाशेजारी बसला, मांडीवर कॉफीचा थर्मास.

"आजोबा, पहारा देताय?" लेस्यानं विचारलं.

"देतोय. चूक केलीस तर ओरडणार."

"ओरडा. बोहदानला सवय आहे."

तिनं आधी जाळीचा ताण सैल केला. ताणलेली तार कापली तर उसळते आणि साल सोलून नेते, हे ती बोहदानला नाही, आर्वोला सांगत होती. मग बुंध्यापासून वीतभर अंतरावर एका तारेची वरची आणि खालची आकडी पक्कडीनं उघडली, आणि ती तार स्क्रूसारखी फिरवत वर काढू लागली. नागमोडी तार सळसळत बाहेर आली. जाळीचे दोन भाग आपोआप सुटले; झाड हललंसुद्धा नाही. पलीकडेही तसंच. मग बुंध्यातून बाहेर आलेली टोकं एकेक करून सालीलगत कापली.

उरलेले खांब बोहदाननं साखळी आणि जॅक लावून सरळ वर उपसले. झाडाजवळच्या खांबापाशी लेस्यानं हातानं माती उकरली आणि त्याला थांबवलं. काँक्रीटच्या गोळ्याला मुळांनी वेढलं होतं.

"हा सोडायचा. जमिनीच्या चार बोटं खाली कापते, बाकी राहू दे."

"सगळं काढायचं ठरलं होतं," मी म्हणाले.

"हो. पण आता हे झाडाचं आहे."

काय काढायचं नाही हे इतक्या लवकर ओळखणारं माणूस मी प्रयोगशाळेतही फारसं पाहिलं नव्हतं.

अवजारं गाडीत चढली, तेव्हा आर्वो उठला. बुंध्यावरून तळवा फिरवत त्यानं एक पूर्ण फेरी मारली आणि एका जागी थांबला.

"इथं टोचतंय."

लेस्या गाडीकडे गेली, पेटी पुन्हा उघडून कानस घेऊन आली, आणि तारेचं ते टोक घासत बसली. मग आर्वोचा हात स्वतःच धरून त्या जागेवर ठेवला.

"आता?"

त्यानं बोटं दोनदा फिरवली. "आता नाही," म्हणाला, आणि थर्मासच्या झाकणात तिच्यासाठी कॉफी ओतली.