वरच्या मजल्याच्या नोंदी

माझ्या नवऱ्याला, विल्फला, इस्पितळातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता औषधं पुरे, शांतता द्या. ते मी मनात घट्ट धरलं. शांतता द्यायची. दुसरं माझ्या हातात होतं तरी काय?

आणि आमच्या डोक्यावर तर लिआन राहत होती.

वरच्या मजल्याचा मालक स्पेनला निघून गेला होता. जाताना मजला पाच वर्षांसाठी कौन्सिलला, म्हणजे आमच्या नगरपालिकेला, भाड्याने देऊन गेला. ज्यांना छप्पर नाही त्यांना कौन्सिल तिथे आणून ठेवायची. मालकाला फोन केला तर म्हणायचा, कौन्सिलला विचारा; कौन्सिलला केला तर म्हणायची, मालकाला विचारा. मधल्या मध्ये लिआनचा मित्र डॅझ खालचं दार लाथेने उघडायचा, खिडकीतून बाटल्या आमच्या अंगणात यायच्या, गाण्याच्या दणक्याने कपाटातल्या बशा वाजायच्या. कधी भांडण, कधी हसणं. कुठलं जास्त जोरात, सांगता यायचं नाही.

शेवटी कौन्सिलचे गारसाइडसाहेब आले. सज्जन माणूस, पायपुसण्यावर चारदा बूट पुसून आत आला. त्यांनी एक गठ्ठा कागद दिला. छापील रकाने: तारीख, वेळ, काय ऐकलं, कुणाला त्रास झाला, कसा.

"ब्रिअर्लीबाई, रोज लिहा. नुसतं 'फार आवाज' नको. तिला घराबाहेर काढायचं तर कोर्टाला बारीकसारीक लागतं."

"मी एकदा वर जाऊन बोलू का तिच्याशी?"

"छे छे. ते अजिबात नको. बोलाचाली झाली की केस बिघडते. तुम्ही फक्त लिहा."

खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. आमच्या गल्लीत कुणी कुणाचं दार वाजवून तोंडावर बोलत नाही. पडदा सारून बघतो आम्ही, आणि कागदावर लिहितो.

मी स्वयंपाकघरात बसून लिहायचे, विल्फला कळू नये म्हणून. त्याच्या जिवाला घोर कशाला? त्याने चाळीस वर्षं कापडगिरणीत माग दुरुस्त केले. मी तिथेच विणायला होते. मागांच्या गडगडाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळी गिरणी ओठांनी बोलायची, आवाजाशिवाय. लग्नाचं त्याने मला तसंच विचारलं, सहा मागांच्या पलीकडून. कान त्याचे गिरणीने नेले, घसा आता आजाराने नेला. ओठ तेवढे राहिले, आणि ते वाचणारी मी.

त्याचा पलंग भिंतीलगत होता. तिथून घर ऊबदार ठेवणारा गरम पाण्याचा पाइप वर जायचा, लिआनच्या खोलीत. ऊब म्हणून तो पाइपावर हात ठेवून पडायचा; ऐकू येत नसलं तरी वरचा हादरा त्याच्या हाताला कळायचा. पावणेचारला लिआनची पाच वर्षांची डेमी शाळेतून आली की छत हादरायचं. धप्प. धप्प. धप्प. आणि विल्फ बोटातल्या अंगठीने पाइप ठोकायचा. ठण, ठण, ठण. अंगात घोटभर पाणी गिळायची ताकद नाही, पण हात वर जायचाच.

 मी आत जाऊन लिहायचे: 'दुपारी ३.४५. उड्या मारण्याचा आवाज. त्रास: माझ्या पतीला, विल्फ्रेड ब्रिअर्ली. ते मरणाच्या दारात आहेत. पाइप ठोकून ठोकून थांबा म्हणून विनवतात, पण वरून अजून जोरात उड्या येतात.'

असे चौदा कागद भरले. त्याला विचारायचं सुचलंच नाही. एवढ्या वर्षांनी नवऱ्याला काय विचारायचं असतं?

मे महिन्यात गारसाइडसाहेब निकाल घेऊन आले. मला कोर्टात जावं लागलं नव्हतं, कागदांवर भागलं. "तुमच्या पाइपाच्या नोंदीने काम केलं," ते म्हणाले. "जजसाहेबांनी ती दोनदा वाचली."

"आता ती कुठे जाणार?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "स्वतःच्या वागण्याने घर घालवलं, की आमच्यावर दुसरं द्यायचं बंधन राहत नाही, बाई. बहिणीकडे जाईल म्हणते."

ती गेली त्या दिवशी मी कचरा टाकायला म्हणून बाहेर आले. जिन्यावर काळ्या पिशव्यांची रांग, वर लिआन, तोंडात विझलेली सिगारेट.

"आलीस का बघायला, आजीबाई? तिकीट काढलंस ना?"

"मी आपली कचरा टाकायला..."

"कचराच चाललाय. बघून घे."

मागून डेमी उतरली, पोटाशी उशी धरून. "आजोबांना टाटा करायचंय."

"ते झोपलेत, बाळा."

"नाही झोपले. पावणेचारला नाही झोपत ते." आणि मला शिकवावं तशी सांगू लागली, "आजोबा तीन ठोकतात, मग मी तीन मारते. चार ठोकले की चार. परवा त्यांनी सात ठोकले. मी दमले."

माझ्या हातातली पिशवी जड झाली.

"तो जज वाचत होता, म्हातारा विनवतोय म्हणून," लिआन म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मी म्हटलं, अहो, खेळतोय तो माझ्या पोरीशी. माझाच वकील म्हणाला, गप्प बस. तू तरी सांगायचंस."

"मला माहीत नव्हतं गं."

"एकाच खोलीत असता ना दोघं?"

डॅझचा दंगा खरा, बाटल्या खऱ्या, शिव्या खऱ्या. माझ्या कागदांत खोटं असं एकच होतं, आणि तेवढंच जजने दोनदा वाचलं.

मी आत आले. विल्फने पाइप ठोकला. थांबला. पुन्हा ठोकला. मग माझ्याकडे पाहून ओठ हलवले: आजारी आहे का गं ती?

मी पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं. रकाने, चौदा कागद, त्याचं नाव. पाच मिनिटं लागली. त्याने चेहरा वळवला नाही. वळवला असता तर बरं झालं असतं.

तुला दिसत होतं की, तो म्हणाला. मी हसत असायचो.

मी त्याचा हातच तेवढा पाहिला होता.

संध्याकाळी त्याने मला कागद आणायला सांगितला. ओठांनी सांगितलं ते मी लिहिलं: 'डेमी, मी तक्रार केली नव्हती. तू मस्त उड्या मारतेस. खालचे आजोबा.' सही त्याने स्वतः केली, तीन श्वास घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन कौन्सिलात गेले. गारसाइडसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे मला पोचवता येणार नाही, ब्रिअर्लीबाई. तक्रारदाराने काढून टाकलेल्या भाडेकरूशी संपर्क ठेवायचा नसतो. उद्या ती म्हणेल, अजून पाठ सोडत नाहीत."

"पत्ता द्या, मी टाकते पोस्टात."

"पत्ता तर मुळीच नाही देता येत."

"तक्रारदार मी आहे हो. पत्र त्याचं आहे."

त्यांनी फाइल उघडली, हळूच माझ्याकडे वळवली. तक्रारदार म्हणून दोन नावं होती. दोन्ही माझ्या अक्षरात.

घरी आले तर विल्फ दाराकडे डोळे लावून होता. दिलंस?

दिलं, मी म्हटलं.

वाचलं तिने?

तिच्या मावशीने वाचून दाखवलं. खूप हसली.

मग रोज तो थोडं थोडं विचारत राहिला आणि मी थोडं थोडं रचत राहिले. मावशीच्या घराला लाकडी जिना आहे. खाली कुणी राहत नाही, हवं तेवढं नाचावं. लिआनला पावाच्या दुकानात काम लागलंय. डेमीचा दात पडलाय. वरून काही आवाज नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली सगळी शांतता माझ्या घरात आली होती, आणि त्या शांततेत बसून मी एका मुलीचं आयुष्य विणत होते.

बाराव्या दिवशी दुपारी मी सांगत होते की नव्या शाळेत तिला एक मैत्रीण मिळालीय, दोघी हात धरून येतात. त्याने मैत्रिणीचं नाव विचारलं. ते मी ठरवलं नव्हतं. मी खिडकीकडे पाहून नाव शोधत राहिले, आणि सापडलं तेव्हा ऐकायला तो नव्हता.