पानावरचा गुलाबी जिवाणू

मी एक गुलाबी जिवाणू आहे. माझा जन्म ढोबळी मिरचीच्या पानावर झाला. आमच्यात जन्म म्हणजे एकाचे दोन होणे. त्यामुळे आई कोण आणि लेकरू कोण, हे मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, वाढणारे पान आपल्या बारीक छिद्रांतून मेथॅनॉलची वाफ सोडते. त्यावर माझे पोट भरते. बदल्यात मी पानाला वाढीला चालना देणारी द्रव्ये देतो. कडक उन्हात माझा गुलाबी रंगच मला सांभाळतो.

आमच्या रोपवाटिकेच्या मालकीणबाई तीस वर्षे दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, पण हाताची सवय जाते थोडीच? रोज सकाळी त्या रोपांवर जंतुनाशकाचा फवारा मारत. माझे गणगोत पटापट गेले. मी एका शिरेच्या खोबणीत कसाबसा तगलो. रोपे खुरटली.

"रोपांची ही खेप वाढली नाही, तर शेडला कुलूप," त्या भाचीला म्हणाल्या.

भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. तिने माझे पान खुडून पोषक जेलीच्या काचताटलीवर हलकेच दाबले. आठवड्याने तिथे एकच गुलाबी ठिपका उमटला. तो मीच, आता लक्षावधी झालेला!

"अगंबाई, फेक ते! जंतू आहेत."

"मावशी, हे रोपांचे सोबती असतात. तूच त्यांना रोज हाकलतेस."

"तीस वर्षं जंतू मारले मी. मला नको शिकवूस!"

"नाही शिकवत. तीन ट्रे दे फक्त. एकाला तुझा फवारा, एकाला साधं पाणी, एकाला पाण्यातून हे."

मावशी फणकारल्या, पण ट्रे दिले.

तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतः पट्टी घेतली. फवाऱ्याची रोपे जेमतेम बोटभर होती. साध्या पाण्याची थोडी उंच, आणि आमची सर्वांत उंच, गर्द हिरवी. त्यांनी पुन्हा मोजले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजले.

"बाकीच्या ट्रेंनाही दे," त्या म्हणाल्या. आमच्या पाण्याने भरलेला पंप उचलला आणि थबकल्या. "काय गं, जोरात मारलं तर लागेल का यांना?"

शेडला कुलूप लागले नाही.

मित्रांनो, हात जरूर धुवा. पण दिसत नाही तो प्रत्येक जीव वैरी नसतो. पुसून टाकण्याआधी एवढेच विचारा: इथे कोण राहते, आणि काय काम करते?