उम्म हायेलने वाढवलेला पट्टा

सल्त गावातल्या चढावरच्या गल्लीत उम्म हायेलच्या, म्हणजे हायेलच्या आईच्या, शब्दापुढे जायची कुणाची छाती नव्हती. सुना तिला वचकून असत. नात लुजैन मात्र तिच्या डोक्यावर बसलेली.

लुजैन सहावीत गेली नि शाळेने अभ्यास टॅबलेटवर आणला. कोणती मुलगी किती वेळ धडे ऐकते, त्याचे उभे पट्टे घरच्यांच्या फोनवर येऊ लागले. शेजारच्या उम्म नायेफने आपल्या नातीचा पट्टा गल्लीभर मिरवला, वर म्हणाली, "तुमच्या लुजैनचा भिंग लावून बघावा लागतो गं बाई."

म्हातारीला ते झोंबलं. तिने विचार केला, घरात माणूस नसलं तरी आपण कुराणपठण लावून ठेवतो, वास्तूला बरकत येते. मग धडा लावून ठेवला तर विद्या का नाही येणार? मग काय, लुजैन मैत्रिणींकडे जाई आणि इकडे म्हातारी द्राक्षाच्या पानांत तांदूळ वळत बसे. टॅबलेट समोर अपूर्णांक शिकवत राही. लुजैन एकदा आजीला म्हणाली, "तेता, असं नको ना करू." आजीने तिलाच दटावलं. पट्टा चढला आणि उम्म नायेफ गप्प झाली.

पालकसभेत गणिताच्या बाई मिस सौसनने आजी-नातीला टेबलापाशी बोलावलं. ज्यांचे पट्टे लहान त्या मुलींना ती शाळा सुटल्यावर थांबवून पुन्हा शिकवी. लुजैनला थांबवायची गरज तिला कधी वाटलीच नव्हती.

"हाज्जे आजी, पोरगी कष्टाळू आहे हो. पण एवढं ऐकूनही एक गणित सुटत नाही. तिची झेपच तेवढी. सोप्या तुकडीत घालू या तिला."

लुजैन बुटांकडे बघत राहिली. रांगेत मागेच उम्म नायेफ उभी होती.

"तो पट्टा तिचा नाही," म्हातारी म्हणाली. "मी लावून ठेवत होते. ती घरात नसायची."

"पण का, हाज्जे?"

"हिच्या नातीपेक्षा मोठा दिसावा म्हणून." मागे न वळताच तिने उम्म नायेफकडे हात केला.

कुणी हसलं असतं तर म्हातारीने त्याला उभा सोलला असता. कुणी हसलं नाही. उम्म नायेफने तर नजर खाली घातली, आणि तेच जास्त लागलं. मिस सौसन म्हणाली, चूक आपलीही होती, किती तास ऐकलं त्याआधी मुलींची उत्तरं बघायला हवी होती. उद्यापासून ती लुजैनला थांबवून घेणार होती.

चढ चढताना म्हातारीने विचारलं, "तू का नाही गं बोललीस?"

"सगळ्या तुला हसल्या असत्या, तेता. मला ढ म्हणाल्या तर काय होतं?"

जन्मभर दुसऱ्याला गप्प करणाऱ्या म्हातारीने घरी पोचताच टॅबलेट लुजैनच्या हाती दिला आणि स्वतः शेजारी धडा ऐकायला बसली.